नसूह, कलीम आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)





‘कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात काय?’ हा प्रश्न आपल्या पालकसभेत हमखास निघतो. त्याला सरळ उत्तर देण्याऐवजी मी आज एका जुन्या उर्दू कादंबरीविषयी बोलणार आहे. कारण त्या कादंबरीत एक बाप आपल्या मुलाची पुस्तके जाळतो.

डेप्युटी नझीर अहमद हे नाव वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊक असेलच. दिल्ली कॉलेजात शिकून ते सरकारी नोकरीत चढत गेले. मुलींच्या वाचनासाठी लिहिलेल्या त्यांच्या ‘मिरातुल उरूस’ला सरकारने एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. ही गोष्ट १८६९ सालची. त्यातील शहाणी असगरी आणि हट्टी अकबरी कित्येक घरांत मुलींना उदाहरण म्हणून सांगितल्या गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी ‘तौबतुन्नसूह’ आली. मला बोलायचे आहे ते तिच्याविषयी.

दिल्लीत कॉलऱ्याची साथ येते. नसूह नावाचा गृहस्थ आजारी पडतो आणि ग्लानीत त्याला स्वप्न पडते. आपले मरण पावलेले वडील खुदाच्या दरबारात जाब देत आहेत, असे तो पाहतो. जागा होताच तो तौबा करतो आणि साऱ्या घराला वळण लावायचे ठरवतो. पत्नी फहमीदा त्याला साथ देते. धाकटी मुले ऐकतात. पण थोरला कलीम शायरीचा शौकीन! वडिलांनी बोलावले तरी तो भेटीला जात नाही, शेवटी घर सोडतो. मागे नसूह त्याच्या खोलीत शिरतो आणि त्याची आवडती पुस्तके आगीत टाकतो. पुढे कलीमला मिर्झा जाहिरदार बेग नावाचा ढोंगी दोस्त फसवतो, दैना होते, आणि तो जखमी होऊन, पश्चात्ताप करून मरतो.

आता वाचक काय म्हणतात ते पाहा. एक पक्ष म्हणतो, नसूहने बापाचे कर्तव्य केले. घराला आग लागण्यापेक्षा पुस्तकांना लागलेली बरी. दुसरा पक्ष म्हणतो, इतकी वर्षे मुलाकडे पाहिले नाही आणि एका रात्रीत सारे बदलायला निघालास, मग मुलगा दुरावणार नाही तर काय होईल? तिसरे वाचक म्हणतात, लेखकाने नसूहला बरोबर ठरवले खरे, पण कलीम आणि जाहिरदार बेग यांची पाने लिहिताना त्याची लेखणी खुलली आहे. एकच पुस्तक, पण वाचकागणिक मत निराळे!

माझेच सांगतो. विद्यार्थी असताना ही कादंबरी वाचली तेव्हा मी कलीमच्या बाजूचा होतो. नसूहचा राग आला होता. बाप झाल्यावर पुन्हा वाचली आणि नसूहची भीती समजली. त्याच सुमारास मी मुलाच्या हातातून एक कादंबरी काढून घेतली, न वाचताच कपाटात कुलूपबंद केली. मुलगा काही बोलला नाही. पण त्यानंतर त्याने कोणत्याही पुस्तकाची गोष्ट माझ्याजवळ काढली नाही. पुस्तक आजही माझ्या घरात आहे. हरवले ते ते संभाषण. पुढे मी ती कादंबरी वाचली. तिच्यात आक्षेपार्ह असे थोडेच होते आणि बोलण्यासारखे पुष्कळ होते.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नझीर अहमद १९१२ साली वारले. त्यांच्या उतारवयात त्यांच्याच एका पुस्तकातील भाषेवर लोक संतापले आणि त्याच्या प्रती जाळण्यात आल्या. कथेत पुस्तके जाळणाऱ्या लेखकाच्या नशिबी हे यावे! आग कोणाचे पुस्तक, हे विचारत नाही.

पालकहो, मी तुम्हांला नसूहला सोडून कलीमचे व्हा असे सांगत नाही. मुलांनी काय वाचावे याची काळजी आईबापांनी केलीच पाहिजे. विनंती एवढीच की कुलूप लावण्याआधी पुस्तक स्वतः वाचा आणि मुलाला विचारा, ‘तुला यात कोण बरोबर वाटले?’ त्याचे उत्तर तुमच्याहून निराळे आले तर घाबरू नका. मतभेद घरात बोलला गेला की मुलगा जाहिरदार बेगच्या दारी जात नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, कलीमची एक चूक तुम्ही करू नका. वडिलांनी हाक मारली तेव्हा तो गेलाच नाही. तुम्ही जा. आपले म्हणणे अदबीने पण स्पष्ट मांडा. आवडलेले पुस्तक सोबत न्या आणि म्हणा, ‘अब्बा, हे तुम्हीही वाचून पाहा.’