आकाशातला पत्ता

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. अशा विमानाला वाट दाखवतो तो कॉकपिटमधला संगणक. वाटेवरच्या ठरावीक बिंदूंना बहुधा पाच अक्षरी नावं असतात. नाव दिलं की जागा सापडते. पण कधी कधी अक्षांश-रेखांश हातानंच भरावे लागतात, आणि जपायचं ते इथेच.

आपलं अकोला घ्या. उत्तर अक्षांश २० अंश ४२ मिनिटं, पूर्व रेखांश जवळजवळ ७७ अंश. अक्षांशाच्या अंशांना दोन आकडे, रेखांशाच्या अंशांना तीन, म्हणून ७७ लिहायचे ०७७. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. आता ४२ च्या जागी २४ पडले, तर बिंदू ३३ किलोमीटर दक्षिणेला, पातूरच्या डोंगराकडे सरकला!

असं खरंच घडलंय. १० मार्च २०१५ रोजी सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या विमानात, उभ्या जागेचा रेखांश १५१ अंशांऐवजी १५ अंश भरला गेला. चूक ११,००० किलोमीटरांहून मोठी! दिशादर्शक यंत्रणा बिघडली. विमान अखेर मेलबर्नला सुखरूप उतरलं.

म्हणून एका वैमानिकानं भरलेले आकडे दुसऱ्यानं कागदाशी ताडायचे, दोन बिंदूंमधलं अंतर आणि दिशाही तपासायची. यंत्र कितीही हुशार असो, या दुसऱ्या नजरेला पर्याय नाही.