जाळ्यालाही सावली हवी



पावसाळा तोंडावर आला की कोकणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांनी मासेमारी करू नये, असा नियम आहे. माशांच्या विणीचा तो काळ. या दिवसांत होडीची डागडुजी होते, तिला रंग लागतो. परंतु ज्याच्यावर सारा संसार अवलंबून, त्या जाळ्याचे काय? पुष्कळदा ते खारे, ओले, जसे उतरवले तसेच कोठेतरी ढिगाने पडून असते. नाहीतर महिनोन्महिने उघड्यावर ऊन खात राहते. आणि जाळे म्हणजे काही स्वस्त वस्तू नव्हे. एका मोसमात ते निकामी झाले, तर घरात कर्ज येते. म्हणून जाळ्याच्या निगेविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत.

प्रथम जुन्या काळचे पाहू. तेव्हा जाळी सुताची किंवा सणाची असत. हे धागे वनस्पतीचे. पाण्यातल्या आणि दमट हवेतल्या सूक्ष्म जंतूंचे ते खाद्यच; त्यामुळे जाळे ओले राहिले की कुजे. यावर आपल्या वाडवडिलांनी दोन उपाय योजले होते. एक म्हणजे ऐनासारख्या झाडाची साल पाण्यात उकळून त्या काढ्यात जाळे बुडवायचे. सालीत टॅनिन नावाचे द्रव्य असते. कातडे कमावायला लागते, तेच हे. त्याने धागा जंतूंपुढे टिकाव धरी. दुसरा उपाय म्हणजे ऊन. किनाऱ्यावर आले की जाळे कडकडीत वाळवायचे. त्या धाग्यासाठी हे अगदी योग्य होते.

पुढे नायलॉन आले. कॅरोदर्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली ते प्रथम तयार केले, आणि काही दशकांत आपल्या किनाऱ्यावरची सुताची जाळी मागे पडली. नायलॉन कुजत नाही. तेव्हा लोकांनी सालीचा काढा सोडला, हे ठीकच झाले. पण ऊन काही सोडले नाही! धागा बदलला, सवय तीच राहिली. घोटाळा आहे तो येथे.

सुताचा वैरी ओल. नायलॉनचा वैरी ऊन. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरण असतात. नायलॉनचा धागा म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. हे किरण त्या साखळ्यांच्या कड्या तोडतात. वरून फारसे काही दिसत नाही. वाळवी लागलेला वासा जसा बाहेरून धड दिसतो, तसेच हे. आणि मग नेमके जाळे भरून आले, की धागा दगा देतो. हे किरण पृष्ठभागाकडून काम करीत असल्यामुळे बारीक धाग्याचे जाळे लवकर दुबळे होते, जाड दोर त्यामानाने टिकतो.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, उन्हात टाकायचे नाही, तर मग वाळवायचे कोठे?" सावलीत. छपराखाली, वारा खेळेल अशा जागी, बांबूवर पसरून. नायलॉन पाणी फार शोषत नाही, त्यामुळे वाऱ्यावरही ते लवकर सुकते.

आता क्रमाने सांगतो. मोसम संपला की जाळ्यातले शिंपले, काटे, शेवाळ काढून टाका. मग गोड्या पाण्याने धुवा. मिठाचे कण धाग्यात राहिले तर ते धाग्याला घासतात, ओल धरून ठेवतात आणि लोखंडी कड्या गंजवतात. माशाचा वास राहिला तर उंदीर येतात. उंदराला नायलॉन काय नि सूत काय! सुकल्यावर जाळे हाताखालून घालून एकेक आस तपासा. एक आस तुटला की त्याचा ताण शेजारच्यांवर पडतो, आणि बोटभर भोकाचे हातभर भगदाड होते. दुरुस्तीला त्याच जाडीचा धागा घ्या, गाठ घट्ट ओढा. शिशाचे मणी आणि बोये निसटले असतील तर बांधा.

ठेवताना जमिनीवर नको. फळीवर किंवा आडव्या वाशावर टांगून ठेवा. वर गोणपाट किंवा जाड कापड पुरे. इंजिनाच्या बॅटरीजवळ जाळे कधीही ठेवू नका. तिच्यातले आम्ल नायलॉन खाऊन टाकते. घाटावर नदी-तलावांत जाळी टाकणाऱ्या भोई बांधवांनाही, मीठ सोडल्यास, हे सारे लागू आहे.

आणखी एक. सुताचे फाटके जाळे समुद्रात पडले, तर कुजून जाई. नायलॉनचे वर्षानुवर्षे कुजत नाही. मालक नसतानाही ते मासे, कासवे अडकवीत राहते. ते मासे कोणाच्या ताटात येत नाहीत, आणि समुद्रातून मात्र कमी होतात. तेव्हा जुने जाळे पाण्यात न टाकता किनाऱ्यावर आणा. भंगारात जाईल, परसात कुंपणाला लागेल.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवितो. एकाच रिळातल्या बारीक नायलॉन धाग्याचे दहा सारखे तुकडे करा. पाच शाळेच्या छपरावर उन्हात बांधा, पाच कपाटात अंधारात ठेवा. फेब्रुवारी ते एप्रिल जाऊ द्या. मग प्रत्येकाला डबा टांगून, धागा तुटेपर्यंत पेल्याने पाणी ओता आणि पेले मोजा. दोन्ही गटांची सरासरी मुलांनाच काढू द्या. गणितही होईल, विज्ञानही होईल; आणि कोळीवाड्यातला मुलगा संध्याकाळी घरी जाऊन तो आकडा वडिलांना सांगेल. माझ्या या भाषणापेक्षा घरच्या मुलाच्या त्या आकड्यावर त्यांचा विश्वास अधिक बसेल.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा लोटल्या जातील. त्या दिवशी होडीत चढणारे जाळे सावलीत विसावलेले आणि एकही आस न तुटलेले असो, एवढेच मागणे.