जुन्या एमजीबीला नवे टायर : आकडे, तारखा आणि बाबांचं नख

आजचा भाग टायरवर आहे. मागच्या वेळी एमजीबीच्या गंजाबद्दल बोललो, तेव्हा दोन-तीन जणांनी विचारलं की गाडी घेतल्यावर पहिला मोठा खर्च कशावर केलास. इंजिनवर नाही, रंगावरही नाही. टायरवर. आणि तोसुद्धा मला करायचा नव्हता.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी बर्मिंगहॅमला राहतो, दिवसा कोड लिहितो आणि रात्री गॅरेजमध्ये हात काळे करतो. गाडी १९७४ची एमजीबी जीटी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी बनत होती. १७९८ सीसीचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही. म्हणजे तुम्ही आणि रस्ता यांच्यामध्ये जे काही आहे ते टायर. बाकी मदतीला कोणी नाही.

ज्यांनी मला गाडी विकली ते म्हणाले होते, टायर नवेच आहेत, जेमतेम दोन हजार मैल चाललेत. मी मोजलं, सात मिलिमीटर नक्षी. नव्या टायरला साधारण आठ असते आणि इथली कायद्याची मर्यादा आहे १.६. मी खूश. नोव्हेंबरात एका गोल चौकात, पाऊस रिमझिम, वेग ताशी वीस मैल असेल, गाडीचा मागचा भाग अलगद बाहेर निघाला. ब्रेक नाही, काही नाही, नुसतं वळताना. मी सावरलं आणि मनाशी म्हटलं, रिअर व्हील ड्राइव्ह आहे, आपल्याला सवय नाही. म्हणजे दोष स्वतःला दिला आणि विषय बंद.

मग एप्रिलमध्ये आई-बाबा आले. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत गेली, वर्कशॉपला. त्यांना गाडी दाखवली. मला वाटलं, बॉनेट उघडायला सांगतील. त्यांनी बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. खाली बसले, पुढच्या टायरच्या दोन खाचांमध्ये अंगठ्याचं नख दाबलं, मग मागच्या टायरला तेच केलं, आणि म्हणाले, ‘अरे, हे लाकूड झालंय.’

मी म्हटलं, ‘बाबा, नक्षी बघा की, पूर्ण आहे.’

‘नक्षी काय करायचीय? गोटा झालेला टायर लांबून दिसतो तरी. हा दिसत नाही. तारीख काय आहे?’

तारीख! मी सॉफ्टवेअरवाला. प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती बघून घेणारा माणूस. टायरची तारीख मी बघितलीच नव्हती.

ती कुठे असते ते सांगतो, कारण हा भाग ऐकून तुम्ही एवढं एक केलं तरी पुरे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी अशी अक्षरं असतात आणि त्या कोडच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. हा पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि आपल्या नशिबाने ती बाजू आत, ॲक्सलकडे असते. मी टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झालो. ३२०६. २००६चा बत्तिसावा आठवडा. तो टायर तयार झाला तेव्हा मी शाळेत होतो. मग डिकीतली स्टेपनी काढली. तिच्यावर तीनच आकडे. तीन आकडे म्हणजे २००० सालाच्या आधीचा माल. बाबा हसले नाहीत, ते जास्त लागलं.

आता, न वापरता टायर खराब कसा होतो? मलाही हे नीट कळायला वेळ लागला. रबरात काळाबरोबर ऑक्सिडेशन होत राहतं, गाडी चालो वा न चालो. रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्याला धरून ठेवायची त्याची ताकद जाते. ओझोनपासून रबर वाचावं म्हणून त्यात मेण आणि काही रसायनं घातलेली असतात. टायर फिरताना दबतो, वाकतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. गाडी गॅरेजमध्ये उभीच असेल तर हे होत नाही, आणि बाजूला बारीक भेगा पडायला लागतात. त्याहून वाईट गोष्ट आत घडते. नक्षीखालच्या पट्ट्यांच्या कडा रबरापासून सुटायला लागतात, आणि एक दिवस मोटारवेवर गरम झालेल्या टायरची अख्खी साल निघून येते. म्हणजे कमी चाललेली, जपून ठेवलेली जुनी गाडी इथे जास्त धोक्यात असते. नक्षी झिजत नाही, म्हणून कोणी टायर बदलत नाही.

आणि इथे ते कोणी तपासतही नाही. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे. लॉऱ्या आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुने टायर लावायला इथे फेब्रुवारी २०२१पासून बंदी आहे. मोटारींना ती बंदी नाही. मिशेलिन कंपनीचा स्वतःचा सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाका.

तर बदलायचे ठरलं. घाईही होती. बाबांना वेल्समध्ये एलन व्हॅलीची धरणं दाखवायची होती. बर्मिंगहॅमला १९०४पासून तिथून पाणी येतं, ११८ किलोमीटर, पंप न लावता, नुसत्या उतारावर. बाबांना हे वाचल्यापासून ते बघायचंच होतं, आणि त्यांच्या परतीच्या विमानाला तीन आठवडे होते.

शनिवारी जवळच्या टायरच्या दुकानात गेलो. त्यांनी गाडीचा नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला. गाडी सापडली, टायर सापडेना. जुन्या गाड्यांच्या टायरवर आकार लिहायची पद्धतच वेगळी होती. माझ्या गाडीच्या पुस्तकात आहे १६५ एसआर १४. १६५ मिलिमीटर रुंदी, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग, आर म्हणजे रेडियल, १४ इंची रिम. आजच्या टायरवर मध्ये अजून एक आकडा असतो, उदाहरणार्थ १८५/६५. हा ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, ते. जुन्या पद्धतीत तो आकडा लिहितच नव्हते, कारण सगळ्यांची उंची साधारण ८० ते ८२ टक्के असायची. कॉम्प्युटरला ते रिकामं खातं कळत नाही. नल पॉइंटर एक्सेप्शन, आपल्या भाषेत.

दुकानातल्या मुलाने दोन पर्याय काढले. पहिला १८५/६५ आर १४, भरपूर मिळतो, पन्नास पौंडांच्या आसपास. मी तिथेच फोनवर हिशेब केला. मूळ टायरचा व्यास, ८० टक्के धरून, ६२० मिलिमीटर. ह्याचा ५९६. जवळजवळ चार टक्के लहान. म्हणजे गाडी बारा मिलिमीटर खाली बसणार, साठच्या वेगाला स्पीडोमीटर बासष्ट दाखवणार आणि मोटारवेवर इंजिन अजून ओरडणार. नको.

दुसरा पर्याय फसवा होता. १६५ आर १४ सी. आकार तंतोतंत तोच, किंमत कमी, स्टॉकमध्ये हजर. मी हो म्हणणार होतो. बाबा शेजारी उभे. त्यांना इंग्रजी बोलायला जमत नाही फारसं, पण टायरवरचे आकडे वाचायला भाषा लागत नाही. ते म्हणाले, ‘हा टेम्पोचा आहे.’ खरंच होतं. सी म्हणजे कमर्शियल. व्हॅन आणि ट्रेलरसाठी, जड वजनाला आणि जास्त हवेला बनवलेला. एमजीबी जीटीचं वजन साधारण अकराशे किलो. तो टायर तिच्याखाली वाकणारच नाही, नुसता उड्या मारेल.

मग राहिले दोन रस्ते. एक, १८५/७० आर १४. व्यास ६१५, म्हणजे मूळच्या अगदी जवळ, आणि बरेच एमजीबीवाले हाच लावतात. माझ्या पाच इंची रिमवर बसतो. क्लबमधल्या एका काकांनी त्यांची गाडी मला चालवायला दिली. कोरड्या रस्त्यावर पकड झकास. पण पार्किंग करताना स्टीअरिंग फिरवायला दोन्ही दंड लागले, आणि वळणावर टायर धरून धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. जुन्या उंच भिंतीच्या अरुंद टायरची गंमत वेगळी असते. तो आधी सांगतो, आता सुटतोय हं, आणि मग हळूच सुटतो. ही गाडी तशा टायरवरच आखलेली होती. शिवाय पावसात अरुंद टायर पाणी बरं कापतो, आणि आपण चाललो होतो वेल्सला. तिथे पाऊस असतोच.

दुसरा रस्ता, जुन्या गाड्यांसाठी जुन्या आकारात आजही नवे बनवले जाणारे टायर. पिरेली १९५०च्या दशकातली चिंतुराटो मालिका पुन्हा काढते. इटालियनमध्ये चिंतुरा म्हणजे पट्टा, रेडियलमधल्या पट्ट्यावरून आलेलं नाव. व्रेडेस्टाइन ही डच कंपनी स्प्रिंट क्लासिक बनवते. आणि ऐका, व्रेडेस्टाइन २००९पासून आपल्या अपोलो टायर्सच्या मालकीची आहे. बाबांना हे सांगितल्यावर त्यांचा त्या टायरबद्दलचा आदर लगेच वाढला. शेवटी माझ्या आकारात, हातात येईल असा, चिंतुराटो सीए ६७ मिळाला, १६५ एचआर १४. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, गरजेपेक्षा जास्तच.

किंमत? एकाला दीडशे पौंडांच्या पुढे. पाच घ्यायचे. मी दोन रात्री त्या एक्सेल शीटकडे बघत बसलो. इथे अजून एक अडचण आहे. आजच्या टायरवर पावसातली पकड सांगणारं लेबल असतं, ए, बी, सी असं. पण १ ऑक्टोबर १९९०च्या आधीच्या गाड्यांसाठीच बनवलेल्या टायरना त्या लेबलातून सूट आहे. म्हणजे तिप्पट पैसे मोजा आणि आकडा मागू नका. डेटावर जगणाऱ्या माणसाला हे जड जातं. मी चिंतुराटो लावलेल्या दोघांना फोन करून पावसाबद्दलच विचारलं, आणि त्यावर ठरवलं.

त्याच आठवड्यात एक मोह आला होता, तोही सांगतो. एका माणसाकडे १९८०च्या दशकातला न वापरलेला संच होता, मूळ कंपनीचा, कागदी पट्टीसकट. चाळीस पौंडांना चारही. प्रदर्शनात उभ्या करायच्या गाडीला ठीक. रस्त्यावर मात्र तो चाळीस वर्षांचा टायरच आहे.

जुन्या गाड्यांच्या टायरवाल्याला फोन केला. हे टायर सतत बनत नाहीत. एक घाणा निघतो, संपला की पुढच्याची वाट बघा. त्याच्याकडे चारच शिल्लक, पाचवा दीड महिन्याने. मी पैसे भरायच्या आधी म्हटलं, कृपया चारही टायरच्या तारखेचे फोटो पाठवा. तो अजिबात चिडला नाही, अर्ध्या तासात पाठवले. चारही दीड वर्षाच्या आतले. जो विक्रेता हे फोटो द्यायला कुरकुर करेल त्याच्याकडून घेऊ नका.

बसवताना रिमच्या कडेचा गंज तारेच्या ब्रशने काढून घेतला, नाहीतर तिथून हवा झिरपते. व्हॉल्व्ह नवे. माझे स्टीलचे रिम आहेत. तारांची चाकं असतील तर आत ट्यूब लागते, ते आधीच सांगा. फिटरने सवयीने चौतीसची हवा भरली. एमजीबीच्या पुस्तकातला आकडा विशीतला आहे. घरापर्यंत गाडी दगडासारखी आली, मग कमी केली. पहिले शंभर मैल हळू चालवायचे, साच्यातून सुटायला लावलेलं द्रव्य नव्या टायरवर असतं म्हणून.

बाबांच्या विमानाला पाच दिवस राहिले असताना निघालो. आईने मागच्या सीटकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, ‘तुमचं तुम्ही जा.’ स्टेपनी नाहीच. पंक्चर किट आणि ब्रेकडाउन कव्हर एवढ्यावर. पाऊस ठरल्याप्रमाणे आला. घाटात एका उतरत्या वळणावर मी थोडा जोरात शिरलो, पुढचं टोक किंचित रुंद गेलं, स्टीअरिंग हातात हलकं झालं, मी पाय काढला, गाडी परत ओळीत. बाबा काही बोलले नाहीत. चहाला थांबलो तेव्हा ते आधी उतरले आणि हाताच्या मागच्या बाजूने चारही टायर चाचपून आले, कुठला जास्त गरम आहे का बघायला. मग चहा घेतला. धरणावर ते इतका वेळ उभे राहिले की माझे बूट ओले झाले.

पाचवा टायर जूनमध्ये आला, बाबा सांगलीला पोचल्यानंतर. फोनवर सांगितलं, तर पहिला प्रश्न, ‘तारीख बघितलीस का?’

बघितली होती. चार आकडे, मार्चचा माल.

पुढच्या भागात एसयू कार्ब्युरेटर. भेटू.