बुडालेल्या गावांचे उत्खनन कोण करणार?

(परभणी येथे तरुण वाचकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



कुमारवयीन वाचकांसाठी अलीकडे एका विशिष्ट धाटणीच्या रहस्यकथा लिहिल्या जातात. समुद्र चढलेला असतो, शहरे पाण्याखाली गेलेली असतात, सत्ता मूठभरांच्या हाती असते. आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले बुडालेल्या वस्त्यांचे अवशेष धुंडाळीत, सत्ताधाऱ्यांनी दडविलेला इतिहास वर काढतात. माझ्या पिढीतील काहींना हे वाचन उथळ वाटते. मला तसे वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या कथांतील आपत्ती नेहमी उद्याची असते. गोदावरीच्या खोऱ्यात ती घडून गेलेली आहे.

जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसविली. १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. नाथसागरासाठी पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या भागांतील शंभराहून अधिक गावांच्या जमिनी गेल्या. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदाही १९७६ चाच! आधी धरण, मग न्यायाची आठवण.

त्या धरणाचा डावा कालवा आपल्या परभणीपर्यंत येतो. म्हणजे आपण लाभधारक आहोत. अर्थशास्त्राच्या वर्गात मी वर्षानुवर्षे लाभ-व्यय गुणोत्तर शिकविले. त्यात भिजलेले क्षेत्र मोजले जाई, मोबदल्याची रक्कम मोजली जाई. गायरान, पाणवठा, शेजार, भूमिहीन मजुराची रोजी यांना मात्र रकानाच नव्हता. तो का नाही, असे मीही कधी विचारले नाही. ही कबुली आज देणे मला आवश्यक वाटते.

कृष्णाकाठच्या नागार्जुनकोंड्याचे, धरणाचे पाणी चढण्यापूर्वी, १९५४ ते १९६० या काळात पद्धतशीर उत्खनन झाले. निवडक अवशेष उंचावर हलविले गेले. ती टेकडी आज बेट आहे आणि तेथे संग्रहालय आहे. हे योग्यच झाले. परंतु इक्ष्वाकूंच्या विटांना मिळालेली आस्था जित्याजागत्या मजुराच्या झोपडीला का मिळू नये? उजनीच्या जलाशयातील पळसदेवचे मंदिर पाणी आटले की वर येते. ते पाहायला गर्दी लोटते. त्याभोवतीचे गाव कोठे गेले, असे विचारणारा विरळाच.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील उभी पिके पुराने नेली. उद्या आणखी माणसे उठविली जातील आणि त्यांच्याकडे पुरावा मागितला जाईल.

म्हणून तुम्हांला एक काम सांगतो. जिंतूर तालुक्यातील येलदरीच्या किंवा जायकवाडीच्या बुडिताची आठवण असलेले वृद्ध अजून हयात आहेत. त्यांच्याकडे जा. आळ्यांचा नकाशा, विहिरींची नावे, कोणाची जमीन किती होती, मोबदला केव्हा व किती मिळाला, ज्यांना जमीनच नव्हती त्यांचे काय झाले, हे सारे लिहून घ्या. या उत्खननाला कुदळ लागत नाही, वही पुरते. मात्र दगड पाण्याखाली शतके टिकतो. माणसाची आठवण तेवढी थांबत नाही.