तरुणांचें ताट आणि तरुणांचा निश्चय

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेपुढें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या या दिवशीं, मंडपामागें जेवणाचीं भांडीं चुलीवर चढलेलीं असतांना, आरोग्यदायी आहारावर बोलण्याचें काम मजकडे यावें ही थोडी गमतीचीच गोष्ट आहे. परंतु भिऊं नका. आज पंगतींत जें वाढलें जाईल त्यावर मी टीका करणार नाहीं. मीहि त्याच पंगतीस बसणार आहें. सणाचें जेवण सणासारखेंच व्हावें. माझा विषय वर्षांतील इतर साध्या दिवसांच्या जेवणाचा आहे.

तुमच्या वयाच्या मुलामुलींना काय खावें हें कळत नाहीं, अशी आम्हां वडील माणसांची समजूत असते. माझा अनुभव निराळा आहे. कोणत्याहि चौदा वर्षांच्या मुलास विचारा, पालेभाजी बरी कीं वेफर्स बरे? तो अचूक उत्तर देईल, आणि उत्तर देतां देतां वेफर्सचें पाकीट फोडील. म्हणजे ज्ञानाची उणीव नाहीं. उणीव आहे ती दोन गोष्टींची. "हें मला स्वतःला हवें आहे" अशी इच्छा, ही एक; आणि "हें मला जमेल" असा विश्वास, ही दुसरी.

ही उणीव क्षुल्लक नव्हे. सन २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, आपल्या देशांतील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचें आढळून आलें. त्याच वयाच्या मुलग्यांत हें प्रमाण शेंकडा ३१ होतें. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंत, देशांतील एकंदर रोगभारापैकीं शेंकडा ५६.४ भाग अयोग्य आहारामुळें असल्याचा अंदाज दिला आहे. हे आंकडे दूरचे समजूं नका. घोटभर चहा घेऊन सकाळच्या गाडीनें मुंबईस कॉलेजला जाणारी, दुपारीं वडापाववर भागविणारी आणि संध्याकाळीं पुलाच्या पायऱ्या चढतांना धापा टाकणारी मुलगी आपणांपैकीं प्रत्येकाच्या ओळखीची आहे.

आतां मला एक कबुली द्यावयाची आहे. माझा एक भाचा तेरा वर्षांचा असतां अंगानें थोडा स्थूल होता. एका लग्नाच्या पंगतींत, चार लोकांनीं हंसावें म्हणून, मी वाढप्याला मोठ्यानें म्हणालों, "याच्यापुढें दोन पानें मांडा." लोक हंसले. मुलगाहि हंसला. परंतु त्यानंतर दोन वर्षें तो कोणत्याहि पंगतीस बसला नाहीं. घरीं सर्वांसमक्ष अर्धी भाकरी खाऊन तो उठे, आणि रात्रीं सर्व निजल्यावर स्वयंपाकघरांत बिस्किटांचे पुडे संपवी. बहिणीनें हें मला सांगितलें, तेव्हां मीं उपदेशाचा मार्ग धरला. दर रविवारीं मिस्सा झाल्यावर मी त्याला गांठीं आणि भाजीचे गुण व साखरेचे दोष सांगूं लागें. परिणाम इतकाच झाला कीं, तो निराळ्या वेळेच्या मिस्सास जाऊं लागला.

माझें चुकलें कोठें, हें मला पुढें वाचनानें कळलें. आल्बर्ट बंडुरा (१९२५–२०२१) या मानसशास्त्रज्ञानें १९७७ सालीं असें मांडलें कीं, "मला हें जमेल" हा विश्वास मनुष्याच्या ठायीं चार वाटांनीं येतो. पहिली व सर्वांत भक्कम वाट म्हणजे स्वतःच्या हातानें पार पाडलेलें काम. दुसरी, आपल्यासारख्याच कोणास तें करतांना पाहणें. तिसरी, विश्वासाच्या माणसाचा उत्तेजनाचा शब्द. चौथी, त्या वेळची आपल्या शरीराची व मनाची स्थिति. भीतीनें व लाजेनें ग्रासलेल्या मनाला सोपें कामहि अवघड वाटतें. मीं त्या मुलाला लाज दिली होती, आणि उत्तेजनाच्या जागीं उपदेश दिला होता. काम तर त्याच्या हातीं कोणींच दिलें नव्हतें.

नुसत्या व्याख्यानाचें बळ किती, याचें मोजमापहि झालेलें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत मांसाचा तुटवडा पडला, तेव्हां गृहिणींनीं जनावरांचें हृदय, गुर्दे वगैरे भाग रांधावेत अशी सरकारची इच्छा होती. कुर्ट लेविन या संशोधकानें कांहीं गटांना उत्तम व्याख्यान ऐकविलें, आणि कांहीं गटांतील स्त्रियांना आपसांत चर्चा करून स्वतः निर्णय घेऊं दिला. व्याख्यान ऐकलेल्यांपैकीं शेंकडा ३ स्त्रियांनीं घरीं तो नवा पदार्थ केला. चर्चा करून ठरविलेल्यांपैकीं शेंकडा ३२ स्त्रियांनीं केला. मी या क्षणीं व्याख्यानच देत आहें. तेव्हां माझ्या शब्दांची किंमत किती धरावी हें तुम्हीच ठरवा!

इच्छेचीहि गोष्ट अशीच आहे. दुसऱ्याच्या धाकानें धरलेला नेम धाक संपतांच सुटतो. टेक्सस प्रांतांत आठवीच्या पांचशेंहून अधिक मुलांवर केलेला एक प्रयोग २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं मुलांना आरोग्याचा नेहमींचा पाठ दिला. कांहींना मात्र, खाद्यपदार्थांच्या कंपन्या लहान मुलांना व गरिबांना गळास लावण्यासाठीं कोणत्या युक्त्या करतात, हें उघड करून दाखविलें. दुसऱ्या दिवशीं खाऊ निवडण्याची वेळ आली, तेव्हां या दुसऱ्या मुलांनीं अधिक चांगली निवड केली. आरोग्य त्यांना म्हातारपणाचें वाटत होतें. पण कोणी आपणांस फसवावें, हें त्यांना खपलें नाहीं. तुमचीहि तीच जात आहे. पुष्कळ कोला-पेयांत शंभर मिलिलिटरमागें सुमारें दहा ग्रॅम साखर असते, म्हणजे लहानशा बाटलींत सहा-सात चमचे. जाहिरातींत नट हंसतांना दिसतो, चमचे दिसत नाहींत. ते तुम्ही स्वतः मोजा.

आतां भाच्याची गोष्ट पुरी करतों. त्याला सुधारलें तें त्याच्या आजीनें, आणि तेंहि उपदेशाविना. ती एवढेंच म्हणाली, "बाळा, माझे गुडघे दुखतात. बुधवारचें रात्रीचें जेवण तूं करशील का?" पहिल्या बुधवारीं त्याची नाचणीची भाकरी तव्यावर पडण्याआधींच तुटली. कोणीं हंसूं नये असें आजीनें सर्वांना बजावून ठेवलें होतें. दुसऱ्या आठवड्यांत तिनें त्याला उकळत्या पाण्यांत पीठ मळावयास शिकविलें, व भाकरी अखंड उतरली. मग लाल माठाची भाजी आली, वालाची आमटी आली, ताज्या बोंबलांचें कालवण आलें. दोनेक महिन्यांनीं त्याचा निरोप आला, "मामा, बुधवारीं जेवावयास या." मी गेलों. तो सर्वांबरोबर पंगतीस बसला होता. माझ्या ताटांत भाकरी वाढतांना तो म्हणाला, "मामा, दोन पानें मांडूं का?" त्या रात्रीं मीं त्याची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. तो बारीक झाला कीं नाहीं, हें मीं पाहिलें नाहीं. तो पोटभर आणि उजळ माथ्यानें जेवत होता, हें पाहिलें.

पवित्र शास्त्रांतील दानिएलाची कथा तुम्हांस ठाऊक आहे. बाबेलच्या राजवाड्यांत राजाचें मिष्टान्न समोर असतां त्या चार तरुणांनीं शाकाहार व पाणी मागितलें. पण त्यांनीं जन्मभराची प्रतिज्ञा केली नाहीं. फक्त दहा दिवस परीक्षा पाहा, अशी विनंति केली. मुदत लहान, काम ठरलेलें, आणि सोबतीला तीन मित्र. निश्चय कसा करावा याचा हा उत्तम धडा आहे.

तुम्हीहि असेंच करा. दोघे-तिघे मिळून एकच गोष्ट निवडा आणि दहा दिवस पाळा. "चांगलें खाईन" असें मोघम म्हणूं नका. "गाडी पकडण्यापूर्वीं एक केळें व मूठभर शेंगदाणे खाईन" असें ठरवा. भाजीवर लिंबू पिळा, कारण त्यानें भाजींतील लोह अंगीं लागतें. आणि जेवणाबरोबरचा चहा टाळा, कारण तो त्या लोहाची वाट अडवितो. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठांत तीनशेंहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तांदळांत दहाच्या आसपास. म्हणून आठवड्यांतून कांहीं भाकऱ्या नाचणीच्या होऊं द्या. फळें व भाज्या मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम पोटांत जावींत, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या वसईच्या वाड्यांतून आपल्या आयाबायांनीं भाजीच्या टोपल्या मुंबईच्या बाजारांत पोंचविल्या, त्या वसईच्या मुलांना हें अशक्य कां वाटावें? एखादा दिवस चुकला तर नेम मोडला असें मानूं नका. पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरू करा.

वडील मंडळींना माझी हात जोडून एकच विनंति आहे. मुलांच्या अंगलटीवरून, तीं जाड असोत वा बारीक, जेवतांना एक शब्दहि बोलूं नका. त्यांच्या हातीं विळी द्या, परात द्या, बाजाराची पिशवी द्या. आणि पहिली भाकरी तुटली तर ती आनंदानें खा. मात्र एखादें मूल लाजेपोटीं उपाशीच राहूं लागलें, किंवा खाल्लेलें मुद्दाम ओकून टाकूं लागलें, तर तो हट्ट नव्हे, आजार आहे. त्याला रागें न भरतां डॉक्टरांकडे न्या.

आतां पंगतीची वेळ झाली आहे. तुम्ही आज सुखानें जेवा, आणि उठण्यापूर्वीं शेजारच्या मित्राशीं बोलून दहा दिवसांचा एक बेत ठरवा. तो बेत माझा नसावा, तुमचा असावा. देव तुम्हांस निरोगी शरीर व प्रसन्न मन देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.