भाजी दारात, माणूस उंबऱ्याबाहेर

२०१६ साली महाराष्ट्रात फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला. बाजार समितीत न जाता थेट ग्राहकाला माल विकण्याची वाट शेतकऱ्याला मोकळी झाली. २०२०च्या टाळेबंदीत या वाटेचे मोल शहरांना कळले. रमजानही त्याच दिवसांत आला. रोजा सोडायला लागणारी कलिंगडे शेतकरी गटांनी सोसायट्यांच्या फाटकाशी आणून दिली.

आता फोनवर बोट ठेवले, की मेथी घरपोच. एकट्या, थकलेल्या माणसांची ही मोठीच सोय. मात्र जुडी उलटून पाहणे, घासाघीस, वर मागून घेतलेली कोथिंबीर आणि ‘आजी, गुडघा कसा आहे?’ ही चौकशी त्या पिशवीत येत नाही.

तेव्हा भाजी जरूर मागवा. पण जिने चढून आलेल्या पोराला पाणी विचारा, नाव विचारा. तेवढे काम फोनचे नाही, आपले आहे.