आधी भाकरी, मग हकीकत

जुन्या अद्भुत कथांमध्ये दोन ठिकाणं हमखास भेटतात. एक नदी आणि दुसरी सराई. राजपुत्र घोड्यावर बसून निघतो, तीन दिवस तीन रात्री रान तुडवतो आणि मग आडवी नदी येते. पाणी चढलेलं असलं, नावाडी नसला की अलीकडेच मुक्काम. त्या मुक्कामात वाटसरू एकमेकांना हकीकत सांगतात आणि गोष्टीतून गोष्ट निघते. नदी अडवते म्हणून तर माणसं एका छपराखाली येतात!

मराठी वाचकाला हे जग एकोणिसाव्या शतकातच भेटलं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. पुढे नाथमाधवांच्या 'वीरधवल'नं कित्येकांची झोप उडवली. या अरबी गोष्टींतला सिंदबाद सहाव्या सफरीत एका निर्जन किनाऱ्यावर अडकतो. तिथली नदी समुद्राकडे न जाता उलट डोंगराच्या पोटात शिरते. तो तराफा बांधतो, अंधारात शिरतो आणि त्याला झोप लागते. जाग येते तेव्हा लख्ख उजेड, आणि भोवती अनोळखी माणसं. ती विचारतात, तू कोण, कुठला? सिंदबाद म्हणतो, आधी खायला द्या, मग विचारा. आणि ती माणसं देतात.

आधी भाकरी, मग हकीकत. माझ्या मते सराईचा सगळा कायदा एवढाच आहे.

सराई हा शब्द फारसी. आपल्याकडे तिला धर्मशाळा म्हणतात. शेरशहानं 1540 ते 1545 या आपल्या कारकिर्दीत रस्त्यांवर सराया बांधल्या. तिथं हिंदूंची आणि मुसलमानांची सोय वेगवेगळी असे. पण सराई एकच होती. अहिल्याबाई होळकरांनी तर आपल्या राज्याबाहेरही, दूरदूरच्या तीर्थांवर घाट आणि धर्मशाळा उभ्या केल्या. नदीकाठी घाट आणि जवळ निवारा, ही जोडी केवळ कल्पनेतली नव्हे.

आमचं आष्टा कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या मुलखात येतं. इथं नदी अजूनही अडवते. 2005 साली अडवलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तेव्हा शाळा आणि मंगल कार्यालयं हीच सराई झाली. पंगतीला कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही.

आष्ट्याजवळच्या गोटखिंडी गावाची हकीकत तर गोष्टीत शोभावी अशी. 1961 च्या गणेशोत्सवात जोराचा पाऊस आला, तेव्हा मुसलमान गावकऱ्यांनी गणपतीची मूर्ती मशिदीत आणायला सांगितली, असं गावकरी सांगतात. पुढे ती रीतच पडली. देवालाही पावसात सराई लागते, आणि ती शेजाऱ्याच्या घरी मिळते!

पाणी ओसरलं की मात्र आपण पुन्हा उलटा क्रम धरतो. शहरात खोली भाड्यानं बघायला जा. भाडं नंतर ठरतं, आडनाव आधी विचारलं जातं. जात, धर्म, खाणंपिणं, सगळी हकीकत आधी. भाकरीची पाळी येतच नाही. पुरात जे जमतं ते कोरड्या दिवसांत का जमू नये?

मुलांना या गोष्टी जरूर वाचून दाखवा. राक्षस आणि जादूचे दिवे ती विसरतील. दार ठोठावणाऱ्याला आधी आत घ्यायचं असतं, तेवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.